सेहरा बांधलेला लॅपटॉप

"हे कुणी खरं मानणार नाही," मी झाराला आधीच सांगून टाकलं. "मिऱ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाच्या जबड्यात बसून चहा प्यायलेला माणूस मी. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पण ही गोष्ट त्यातली नाही."

"त्यातलीच आसंल," धाकू म्हणाला. धाकू रिक्षावाला. भाडं नसलं की रिक्षा माझ्या फोटो स्टुडिओसमोर लावतो आणि माझ्या पायरीवर येऊन बसतो. "मागल्या वेळी चहा न्हवता, शेट. कॉफी होती."

"पहिला कप चहाचा होता."

लोडशेडिंगची दुपार होती. बाजारातले पंखे बंद, दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत दारात बसलेले. झारा राजिवड्याहून चालत आली होती, ओढणीने कपाळ टिपत होती. अहमद तांडेलांची ही धाकटी मुलगी, कॉलेजात शिकते. तिने निकाहची पत्रिका माझ्या हातात दिली होती. मुलगा दोह्याला, त्याला रजा नाही, तेव्हा निकाह नेटवरून.

"झोयाआपाच्या वेळी पडद्यावरचे फोटो तुम्हीच काढले होते ना, काका? माझ्याही वेळी या. अम्मी तुमचं नाव काढू देत नाही, म्हणून मीच आले."

"अम्मी कारण सांगत नाही?"

"ती उठून आत जाते."

धाकूने शर्टाची वरची बटणं सोडली. "शेट, आत तुमचा इन्व्हर्टर हाय. पंखा तरी लावा. पोरगी घामाघूम झालीय."

"तो पंख्यासाठी नाही," मी म्हणालो. पत्रिका मांडीवर ठेवली आणि सांगायला लागलो.

२००३ सालची गोष्ट. झारा तेव्हा लहान होती आणि गोवर आला म्हणून तिला मंडणगडला आजोळी ठेवलं होतं. त्यामुळे तिने यातलं काही पाहिलेलं नाही. थोरली झोया, तिचं लग्न उमेरशी ठरलं होतं. उमेर शारजाला. ऐन वेळी कंपनीने त्याची रजा अडवली आणि इकडे त्याची आजी अंथरुणाला खिळलेली. तिच्या हयातीत निकाह व्हायला हवा होता. फोनवरून निकाह राजिवड्याला नवा नव्हता. नवरा फोनवर आपला वकील नेमतो, तो वकील इथे त्याच्या वतीने कबूल म्हणतो, काम होतं. पण उमेर हौशी. त्याने येणाऱ्या दोस्ताबरोबर लॅपटॉप पाठवला, वर एक गोल कॅमेरा. म्हणजे या खेपेला नवरा नुसता ऐकू येणार नव्हता, दिसणार होता.

मला बोलावलं ते त्या दिसणाऱ्या नवऱ्याचा फोटो काढायला. मी अहमदभाईंच्या घरातल्या तीन पिढ्यांचे फोटो काढलेत, पण पडद्याचा फोटो कॅमेऱ्यात धड येत नाही. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा डाग. न मारला तर सगळं धुरकट. तेव्हा मी सायबर कॅफेवाल्या समर्थला विचारलं. तो म्हणाला, "कॅमेरा कशाला? कीबोर्डवर एक बटण आहे. दाबलं की पडदा जसा असेल तसा टिपला जातो. मग चित्र काढायच्या खिडकीत चिकटवायचा. झालं." मी दोनदा करून बघितलं. सोपं होतं. शटरचा आवाज मात्र येत नाही. काही टिपलं गेलं की नाही, कळत नाही. ते मला आवडलं नव्हतं.

जुम्म्याची नमाज झाली. ओटीवर गादी, गादीवर कोरीव पाठीची खुर्ची. नवरदेवाची खुर्ची. तिच्यावर लॅपटॉप. फोनमधून वायर काढून त्याला जोडलेली, नेट त्यातून. खाडीला ओहोटी होती, चिखलाचा आणि वाळत घातलेल्या म्हाकुळ मासळीचा वास घरात येत होता, त्यात अत्तर मिसळलेलं. आणि नवऱ्याकडच्या बायका सेहरा घेऊन उभ्या. मोगरा, गुलाब, चंदेरी झिरमिळ्या. तो बांधायचा कुणाच्या कपाळाला?

"बांधा त्या डब्याला!" झोयाची खाला, म्हणजे मावशी, म्हणाली.

हशा पिकला. आणि बांधला की हो. झाकणाच्या मागून लाल दोरा, गाठ शमीमभाभींनी स्वतः मारली, मुलीची आई म्हणून. फुलांच्या सरी पडद्यावर उतरल्या. समोर खजुराचं ताट आलं, सरबताचा पेला आला. कुणीतरी कॅमेऱ्याच्या काचेला अत्तराचं बोट लावलं. मामू, म्हणजे उमेरचे मामा, वकील व्हायचे ते, वाकून लॅपटॉपला म्हणाले, "बसा बसा, नवरदेव. उठू नका."

मीच सगळ्यांत मोठ्याने हसलो.

मग तो दिसला. बायकांनी सरी बाजूला केल्या. चित्र पोस्टकार्डापेक्षा लहान, थांबत थांबत हलणारं. पांढरा कुर्ता, टोपी, उमेरचीच ती जाड भुवई. मागे पोपटी भिंत, भिंतीत एक रिकामा खिळा आणि बारीक गजांची खिडकी. दोघं बसली की ती खिडकी दिसत नाही. तेव्हा मात्र पूर्ण दिसत होती, आणि गजांपलीकडे काही नव्हतं. ना इमारत, ना आभाळ.

"म्हंजे काय व्हतं?" धाकूने विचारलं.

"सांगितलं ना, काही नव्हतं. मध्ये बोलू नकोस."

काझीसाहेबांनी विचारलं, "मामूंना तुमचा वकील म्हणून नेमता?" तो मान हलवून म्हणाला, "नेमतो." आवाज ओठांच्या जरा मागून आला. सगळे म्हणाले, लाईन स्लो आहे. "हा निकाह कबूल?" "कबूल." मामूंनी वकील म्हणून तेच म्हटलं, आत पडद्यामागे झोयाने सही केली, दुवा झाली, खजूर वाटले. मी बटण दाबलं. चित्र चिकटवून बघितलं, छान आलं होतं. व्हिडिओचा मेसेंजर बंद केला, वायर काढून पुन्हा फोनला लावली.

वायर लावल्याबरोबर फोन वाजला.

अहमदभाईंनी उचलला. मी त्यांच्या शेजारीच होतो, पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. उमेर होता, रडकुंडीला आलेला.

"चाचा, सकाळपासून लावतोय, तुमची लाईन बिझी. इथलं नेट बंद पडलंय. कुणाशी जोडलंच गेलं नाही. सगळ्यांची माफी मागतो. निकाह पुढच्या जुम्म्याला ठेवा."

मागे सरबत ढवळणाऱ्या चमच्याचा आवाज येत होता. तो थांबला.

झारा पुढे सरकली. आता म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे कबूल कोण म्हणालं?"

"मलाही तोच प्रश्न पडला. मग वाटलं, कुणीतरी चेष्टा केली असणार. उमेरचा एखादा चुलतभाऊ, तसाच दिसणारा. मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, चेहरा आपण टिपलाय, बघून ओळखू."

आम्ही चौघं लॅपटॉपवर वाकलो. अहमदभाई, शमीमभाभी, मामू आणि मी.

चित्रात तो कुर्त्याची बाही सारखी करत होता.

घाबरलो नाही मी. समर्थने हेही सांगून ठेवलं होतं. चालू व्हिडिओ टिपला तर कधी कधी चित्रात नुसतं भोक पडतं, आणि त्या भोकातून खालचा व्हिडिओ दिसत राहतो. चित्र हलतंय असं वाटतं. खालचा व्हिडिओ बंद केला की भोक काळं. साधी गोष्ट आहे. मी सगळ्यांना हे समजावून सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की खालचा व्हिडिओ मी कधीच बंद केलाय आणि वायर फोनच्या पोटात आहे.

तो आमच्याकडे बघत नव्हता. बाजूला बघत होता. दारातून कुणी यायचं असलं की माणूस बघतो तसा. आणि त्याच्या शेजारी आता दुसरी खुर्ची होती.

"पुसा," अहमदभाई म्हणाले. "आत्माराम, पुसून टाका ते."

मी बाण फुलीवर नेला. जतन करायचं का, अशी चौकट आली. 'नाही'वर बोट टेकणार, एवढ्यात आतल्या खोलीतून झोयाचा आवाज आला. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन भिंती मध्ये होत्या.

"नको, काका."

मी हात काढून घेतला.

मग मी रोज राजिवड्याला जायला लागलो. झोयाला म्हणावं तर काही झालं नव्हतं. भाकऱ्या भाजायची, हसायची. फक्त बसायची ती एका कडेला, शेजारी जागा सोडून. आणि लॅपटॉप त्या कोरीव खुर्चीवरच होता; हलवायला कुणी धजत नव्हतं. चित्रात तो कधी असायचा, कधी नसायचा. खोली मात्र सजत चालली होती. एके दिवशी गालिचा आला. मग भिंतीला आरसा, त्यात कुणी दिसत नव्हतं. मग त्या रिकाम्या खिळ्याला सेहरा.

शमीमभाभींनी मला जवळ बोलावून तो दाखवला. बोट लावलं नाही, लांबूनच. लाल दोऱ्याची गाठ त्यांची होती. तो सेहरा सुकल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खाडीत सोडला होता. चित्रातला मोगरा ताजा होता.

"शेट," धाकू म्हणाला, "माज्या अंगावर काटा आला. कॉफी परवडली."

झारा म्हणाली, "पुढे सांगा."

पुढे लाईट गेली. तेव्हाही जायचीच. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, पण त्या दिवशी लाईट लवकर आली नाही. मी ओटीवर होतो. पडदा काळा झाला आणि स्वयंपाकघरात ताट पडलं.

झोया चुलीपाशी कलंडलेली. डोळे उघडे, हात गार. शमीमभाभी तिच्या गालावर मारताहेत, हाका मारताहेत. मामू डॉक्टरांना आणायला धावले. मी नाडी शोधत होतो. मला ती सापडली नाही. मला नाडी बघता येत नाही, हेही खरं आहे.

लाईट आली. ओटीवर लॅपटॉप आपोआप सुरू झाला. जतन न केलेलं चित्र मशीन बंद पडल्यावर राहत नाही, हे कुणीही सांगेल. ते होतं तिथेच होतं.

झोया उठून बसली. ओढणी नीट केली आणि आईला अगदी साध्या आवाजात विचारलं, "तिथली लाईट का गेली होती?"

त्या दिवसापासून घरात एकच काम. लॅपटॉप बंद पडता कामा नये. अहमदभाईंनी गाडीची बॅटरी आणून ठेवली. लाईट गेली की सगळे ओटीवर येऊन त्या लहानशा हिरव्या दिव्याकडे बघत बसायचे. खाडीत लाँचींची इंजिनं वाजायची तेवढीच.

उमेर रजा टाकून आला. नोकरी गेली तर गेली म्हणाला. चांगला मुलगा. थेट विमानतळावरून आला, बॅग हातातच. खुर्चीसमोर बसला आणि चित्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"हा मीच आहे," तो म्हणाला. "पण ही खोली माझी नाही."

काझीसाहेबांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चित्राकडे एकदाच बघितलं. म्हणाले, "असलं काही मी कधी वाचलेलं नाही. पण मला विचाराल तर, ज्यानं कबूल म्हटलं, त्यानंच सोडलं पाहिजे."

"त्याला विचारणार कसं?" अहमदभाईंनी विचारलं.

उमेरच बोलला. पडद्याकडे तोंड करून, दोस्ताशी बोलावं तसं. "भाई, चूक झाली. ती माझी आहे. सोड तिला."

चित्रातल्या उमेरने पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं.

मग हात लांब करून त्याने दुसरी खुर्ची जराशी जवळ ओढली.

आवाज चित्रात नव्हता. पण आमच्या मागे, आतल्या खोलीत, फरशीवर खुर्ची घासल्याचा आवाज आला.

आत झोया एकटी होती. तिथे खुर्ची नव्हती.

इथे मी थांबलो. झाराने पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. मी दोन घोट घेतले.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. मग सगळं चांगलं झालं," मी म्हणालो. "मशिदीत पुन्हा निकाह लागला, उमेर समोर हजर. झोयाचे कागद झाले. ती शारजाला निघाली त्याच दिवशी अहमदभाईंनी तो लॅपटॉप माझ्याकडे दिला. म्हणाले, घरात नको. मी भाट्याच्या पुलावर गेलो, ओहोटी बघितली आणि दिला टाकून. बुडबुडेसुद्धा आले नाहीत. झोयाला काही झालं नाही. दुसरी खुर्ची अखेरपर्यंत रिकामीच होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. संपली गोष्ट. तू आपली मशिदीत निकाह कर, मुलाला रजा मिळेपर्यंत थांब, एवढंच माझं म्हणणं."

"ह्या:!" धाकूने मांडीवर थाप मारली. "शेवट पार गुळमट केलात. देवमाशाची बरी."

झारा हसली नाही. रस्त्याकडे बघत होती. समोरचा शिंपी मशीनवर डोकं टेकून झोपला होता.

"आपा दर जुम्म्याला फोन करते," ती म्हणाली. "सहा वर्षांत एकदाही घरी आली नाही. कॅमेऱ्यासमोर ये म्हटलं की म्हणते, कॅमेरा बिघडलाय. उमेरभाईंना विचारलं, तर तेही अम्मीसारखेच. विषय बदलतात. एकदा एवढंच म्हणाले, ती असते घरात, पण नसल्यासारखी असते."

"परदेशात माणूस बदलतं."

"दुसरी खुर्ची अखेरपर्यंत रिकामी होती?"

"होती."

"आणि लॅपटॉप त्याच दिवशी पाण्यात टाकलात."

"टाकला. सांगितलं ना."

ती माझ्याकडे वळली. नाकपुडी शमीमभाभींसारखी, राग आला की थरथरणारी.

"खोटं बोलता, काका. मघाशी तुम्हीच म्हणालात, दोघं बसली की खिडकी दिसत नाही."

"म्हंजे तुमी दोघांना बसल्यालं बघितलंय, शेट," धाकू म्हणाला.

बाजारात कुठेही लाईट नव्हती. पंखा नाही, फ्रीज नाही, रेडिओ नाही. त्या शांततेत माझ्या दुकानाच्या आतल्या कुलूपबंद खोलीतून इन्व्हर्टरची घरघर पायरीपर्यंत येत होती.

झारा कान देऊन ऐकत राहिली.

"काका," तिने हळूच विचारलं, "आता तिथे खुर्च्या किती आहेत?"

सकाळीच तिथे तिसरी आली होती. मी मांडीवरची पत्रिका उचलली आणि तिला परत दिली.